पुढच्या सीटवरचा ससा

गेल्या वर्षी मी बेळगावहून एकटी गाडी हाणत बेंगळूरला गेले, पुढच्या सीटवर एका सशाचं डोकं घेऊन, आणि परत आले तेव्हा माझे पुढचे दोन दात तिकडेच राहिले होते. दातांचं मला काही नाही. नवे बसवले, जुन्यांपेक्षा सरळ आहेत. लोक विचारतात, पडलात काय कुठे, आणि मी हो म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसलं तर ऐकणारा अर्ध्यातच हसायला लागतो. हसला की माझे हात शिवशिवतात. म्हणून इथे लिहूनच टाकते. त्या दिवशी काम एवढंच होतं की त्या सशाच्या आत जी बाई होती, ती तिच्या नवऱ्याच्या हाती लागता कामा नये.

माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आमचं. नवरा होता तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचा, आधी माझ्याशी बोला, मग तिच्याशी. तो गेल्यापासून दुकान मीच चालवते. दिवसभर फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, हातात सदा कटर, त्यामुळे माणसं माझ्याशी बेतानंच बोलतात. पाच-सहा वर्षांपूर्वी एक कॉलेजचा पोरगा आला आणि म्हणाला, काकू, फोमचं लांडग्याचं डोकं करून मिळेल का, घालता येईल असं. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना बाबा तुझं? पण केलं. आणि माप बरोबर बसतंय का बघायला शटर अर्धं ओढून ते स्वतःच्याच डोक्यात घातलं. आत काळोख, फोमचा वास, जाळीतून दिसेल तेवढंच जग. पोरगा म्हणाला, आता बोलायचं नाही हं काकू, डोकं चढवलं की प्राणी होतो, आणि प्राणी बोलत नाहीत. माझ्या तोंडाचा पट्टा लग्नात, मयतीत, कुठेही थांबलेला नाही. त्या दिवशी थांबला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

ह्या लोकांना फरी म्हणतात. प्रत्येकाचा एक प्राणी असतो, स्वतःच्या मनानं काढलेला. रंग, कान, शेपूट, सगळं ठरलेलं. कुणी नुसती चित्रं काढतं, कुणी डोकं, पंजे, शेपूट करवून अंगावर चढवतं. वर्षातून एकदा मेळावा भरतो, तिथे सगळे आपापला प्राणी होऊन जमतात, नाचतात, फोटो काढतात. ह्यात घाणेरडं काही नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी आधी आपली मनं धुवून घ्यावीत. मी मुंगूस केलं. धाकटी बहीण म्हणाली, साठी बुद्धी नाठी. मी म्हटलं, साठीला अजून अवकाश आहे, आत्ताच नाठी झाली तर बरंच, पुढचा त्रास वाचला. मुलं मला अक्का म्हणतात. खरी नावं कुणी कुणाला विचारत नाही, हा आमच्यातला मोठा नियम. आज मी ज्यांच्यासाठी जीव टाकीन अशी दहा माणसं आहेत, आणि त्यांतल्या एकाचंही आडनाव मला ठाऊक नाही.

सशाचा फोन आला तो असाच, नावाविना. आवाज पुण्याचा, अर्धं इंग्रजी, पण बोलायची जपून, कुणी पलीकडच्या खोलीत झोपलं असावं तशी. पुण्याहून पळून आली होती. बेंगळूरला कंपनीत नोकरी लागली, बसवनगुडीत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होती. तिनं चित्र पाठवलं. करडा ससा, एक कान काळा, आणि उजव्या डोळ्याभोवती हळदीसारखं पिवळंधमक कडं. असला ससा जगात दुसरा नाही. मी विचारलं, पूर्वी कधी करून घेतलं होतंस का? तर म्हणाली, हो, होतं एक. नवऱ्यानं ते गॅसवर धरलं. ते ओढून घ्यायला हिनं हात घातला, तर त्यानं तो हात धरून ठेवला तिथेच, जाळावर. हे सगळं तिनं बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं.

नवरा अजून शोधत होता. बेंगळूर एवढं त्याला कळलेलं होतं, पत्ता नव्हता. तिच्या जुन्या मैत्रिणींच्या घरी जाऊन बसायचा, रडायचा, आमचं थोडं भांडण झालंय म्हणायचा. म्हणून तिनं फोन नंबर बदलला, फोटो काढून टाकले, ऑफिसात माहेरचं आडनाव लावलं. फक्त ससा बदलायला ती तयार नव्हती. मी सुचवलं होतं, दुसरं काहीतरी घे की बाई, खार घे, मांजर घे. ती म्हणाली, मग त्यानं जाळलं ते जळलंच म्हणायचं. मी फोम कापायला घेतला.

ते डोकं मी नेहमीसारखं नाही केलं. फोमच्या ठोकळ्यातून तोंड कोरताना कटर असा चालवायचे की दुकानातला पोऱ्या लांब जाऊन बसायचा. प्रत्येक कापाला मी त्या माणसाला एकेक शिवी घातली. गरम गोंदाच्या बंदुकीनं बोटं भाजली की मला तिचा हात आठवायचा आणि डोकं आणखी भडकायचं. गालांना दुप्पट फोम भरला, गुबगुबीत दिसावा म्हणून. पण झालं तेव्हा असा गरीब चेहरा झाला त्या सशाचा, की शिव्या खाऊन जन्मला हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

मेळाव्याची जागा आदल्या संध्याकाळी कळवतात. ते काम बघतो एक उंच, काटकुळा नागपूरचा मुलगा, त्याचाही प्राणी लांडगाच. त्यानं सगळ्यांना निरोप धाडला: यशवंतपूर, बाजारामागच्या गल्लीत, गोदामावरचा जुना लग्नाचा हॉल. खाली ठळक लिहिलं होतं, आपल्यातल्या एकीच्या मागे माणूस लागलेला आहे, जागा कुणालाही सांगू नका. मी वाचलं, दोनदा वाचलं, आणि पहाटे व्हॅन काढली.

डोकं पार्सलनं पाठवता येत नाही, दबतं. मागेही टाकत नाहीत, कान मोडतात. आमच्यात रीतच आहे, डोकं पुढच्या सीटवर बसवायचं आणि बेल्ट लावायचा. टोलवरची माणसं हसतात, लहान मुलं बाजूच्या गाडीतून हात करतात, मजा येते. तसाच ससा माझ्या शेजारी बसून निघाला. रस्ता त्या दिवशी पहिल्यापासून वाईट होता. हावेरीच्या पुढे टोलवर एका लॉरीवाल्यानं एका कारवाल्याला खिडकीतून बाहेर खेचला आणि जॅकच्या दांड्यानं असा हाणला की त्याचा चष्मा माझ्या बॉनेटवर येऊन पडला. कुणी उतरलं नाही. मी उतरले, लॉरीवाल्याला कानडीत त्याच्या आईची आठवण करून दिली, तेव्हा कुठे तो थांबला. चष्मा त्या माणसाच्या हातात दिला. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि तो मलाच सॉरी म्हणत होता.

हिरियूर ओलांडल्यावर एका हॉटेलपाशी थांबले. इडली खाऊन बाहेर येते तर एक माणूस माझ्या व्हॅनच्या काचेला नाक लावून उभा. मी दुरूनच आवाज टाकला, कोण रे तो. तो वळला आणि मराठीत म्हणाला, "ताई, हे तुम्ही बनवलंय?"

आता हे बेळगावबाहेरच्या माणसाला समजणार नाही. आमच्या घरात मराठी, दुकानात कानडी, आणि दोन्हीवरून भांडणं ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तिकडे खाली, चित्रदुर्गाच्या पलीकडे, अनोळखी माणसानं मराठीत ताई म्हटलं की आम्ही पाघळतो. जात, गाव, गोत्र काही बघत नाही, मराठी ना, मग आपलाच. हा तर पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारा, बेंगळूरला वरचेवर खेप असते म्हणाला. म्हणाला, माझ्या मुलीला ससे फार आवडतात, हात लावून बघू? मी काच खाली केली. त्यानं आत हात घालून सशाच्या डोळ्याभोवतीच्या पिवळ्या कड्यावरून बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण गोल. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी मनात म्हटलं, बघा, कलेची कदर असणारी माणसं असतात अजून. फोटो काढू का म्हणाला, काढ म्हटलं. कुठे निघालात म्हणाला, आणि माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. बेंगळूरला, यशवंतपूरला आमच्या लोकांचा मेळावा आहे, म्हटलं. यशवंतपूरला कुठे, असं त्यानं विचारलं तेव्हा मला निरोप आठवला आणि मी तिथेच कुठेतरी म्हटलं. तो हसला. सांभाळून जा ताई, म्हणाला.

नाव लपवलं, नंबर लपवला, पत्ता लपवला, आणि तो ससा उघडा रस्त्यानं नेला. आमच्या लोकांच्या डोक्यात हे आलंच नाही. आम्हाला वाटतं डोकं चढवलं की माणूस लपतो. त्या नवऱ्याला तिचा चेहरा एखादवेळी गर्दीत ओळखू आला नसता, पण तो पिवळ्या कड्याचा ससा त्यानं स्वतःच्या हातानं जाळला होता.

तुमकूर रोडला लागल्यावर मागे पांढरी गाडी होती. पण तिथे दर दुसरी गाडी पांढरीच असते. यशवंतपुरात कांद्याच्या लॉऱ्यांनी गल्ली तुंबलेली. पुढच्या दाराशी जागा नव्हती म्हणून मी वळसा घालून मागच्या बोळात व्हॅन लावली, आणि लोखंडी जिन्यानं वर चढले. त्यामुळेच मी त्याला हुकले असणार. नंतर कळलं, तो सशाचा फोटो दाखवत बाजारभर फिरला, हमालांना, चहावाल्याला विचारत.

वर हॉलमध्ये कपडे बदलायला एका टोकाला खोली होती, दाराला पडदा. आत बाहेरच्यानं जायचं नाही, कारण तिथे डोकी उतरलेली असतात. मी पडद्याशी उभी राहून म्हटलं, अगं सशा, आलीस का? आतून फक्त एक हात बाहेर आला. त्या हाताची मागची कातडी गुळगुळीत, चकचकीत, बोटं थोडी आखडलेली. मी त्या हातात डोकं दिलं. जरा वेळानं ससा बाहेर आला, अंगात राखाडी जर्किन, हातांत पंजे, आणि मला मिठी मारली. बोलायचं नसतं, तर बोललो नाही. मग ती नाचायला गेली. तीस-चाळीस प्राणी होते. प्रत्येकाबरोबर एक उघड्या तोंडाचा सोबती, कारण जाळीतून पायाखालचं दिसत नाही. ससा असा नाचत होता की माझा सगळा रस्ता वसूल झाला.

थोड्या वेळानं ती परत पडद्याआड गेली आणि सशाचं डोकं हातानं बाहेर दिलं. हनुवटीचा पट्टा काचतोय, म्हणाली आतून, स्वल्प लूज करा ना अक्का. सहा महिन्यांत पुण्याच्या पोरीच्या तोंडी कानड्यांचं स्वल्प, म्हणजे जरासं, बसलं होतं, मला हसू आलं. उजेडासाठी मी खिडकीशी गेले, पट्टा उसवून सैल केला, सुईदोरा घेतला, आणि खाली बघितलं. वॉचमनसमोर तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट. बरोबर दोन दांडगे. वॉचमन फोनमध्ये बघून वर बोट दाखवत होता.

सुई हातात घुसली तरी मला कळलं नाही. पडद्याशी धावले, म्हटलं, आलाय तो. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. लांडगा जवळच होता, त्याच्या हातात मी व्हॅनची किल्ली कोंबली. बोळातून लॉऱ्यांमधून गाडी काढायची म्हणजे वेळ जाणार, आणि तो बोळ फिरून पुढच्याच रस्त्याला निघतो. हॉलमध्ये ससा नाही म्हटल्यावर ते तिघे खाली पळणार आणि व्हॅन त्यांच्या समोरच येणार. तोवर ते वर अडकले पाहिजेत. सोबत्यांत धारवाडची एक मुलगी होती, गाडी चांगली मारते. तिला सांगितलं, लांडग्याबरोबर मागच्या जिन्यानं उतर आणि हिला घेऊन सूट, कुठेही; लांडग्याला म्हटलं, गाडी निघाली की वर येऊन सांग. आणि पडद्यात हात घातला.

"जर्किन दे," म्हटलं. "पंजे दे."

"अक्का, नको. तो मारतो."

"मला कुणी मारलेलं नाही अजून. बघू दे तरी."

जर्किन मला पोटावर तंग झालं. मी आखूड, रुंद, ती काठीसारखी. पण पाच वर्षं संसार केलेल्या त्या गाढवाला तेवढंही दिसलं नाही. डोकं चढवलं, पंजे घातले, आणि जाऊन मधोमध उभी राहिले. गाणं जोरात चालू होतं. जाळीतून मला तो दारातून येताना दिसला. इकडेतिकडे बघितलंच नाही त्यानं, सरळ आला, सशाचा काळा कान मुठीत धरला आणि दुसऱ्या हातानं ठोसा घातला.

पहिला ठोसा फोमनं खाल्ला. दुसराही. तिसरा नाकावर बसला आणि आत रक्ताचा वास आला. तो तिचं नाव घेऊन बोलत होता, आवाज न चढवता, घरी चल, घरी चल, आणि दर शब्दाला हाणत होता. पोरं टाळ्या वाजवत होती. शप्पथ सांगते. प्राण्यांना जाळीतून धड दिसत नाही, नाटक चाललंय असं वाटलं सगळ्यांना, कारण ससा ओरडत नव्हता. कसा ओरडणार? माझा आवाज त्यानं सकाळी ऐकला होता. तोंडातून एक शब्द निघाला असता तर त्याला कळलं असतं, आणि व्हॅन अजून बोळात होती. आयुष्यभर मला कुणी अरे म्हटलं तर मी कारे म्हणत आले. त्या दिवशी एक माणूस माझ्या पोटात बुटाची लाथ घालत होता आणि मी दात आवळून ससा होऊन पडले होते. कधी एकदा लांडगा परत येतो आणि गाडी गेली म्हणतो, एवढंच डोक्यात. त्याच्या बरोबरचे दोघे कडेला उभे होते, कुणी मध्ये येऊ नये म्हणून हात पसरून. फॅमिली मॅटर है, फॅमिली मॅटर है, म्हणत होते.

मग त्यानं गुडघा माझ्या छातीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं उपटलं. पट्टा मीच आत्ता सैल केला होता. एका झटक्यात निघालं.

मला वाटलं, आता थांबेल. बायको नाही म्हटल्यावर कशाला मारेल? सकाळी ज्या बाईला ताई म्हणाला तीच खाली पडलीय, केस पिंजारलेले, नाकातून रक्त. त्यानं बघितलं माझ्याकडे. ओळखलं. ओळखलं ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. आणि मग त्यानं मूठ वळली आणि आधीपेक्षा जोरानं मारलं, आता फोम नव्हता, सरळ तोंडावर. दात तेव्हा गेले. पुन्हा मारलं. सशाचं डोकं घेतलं आणि त्याचा जबडा पायाखाली मोडला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. तेव्हा मला त्या पोरीच्या पाच वर्षांची पहिल्यांदा कल्पना आली. तिनं काय केलं, काय चुकलं, त्याचा काही संबंधच नव्हता. समोर कोण आहे ह्याच्याशीही नव्हता.

त्याच वेळी मागच्या दारातून लांडगा आत आला, डोकं काखेत, आणि ओरडला, गेली! मग माझं तोंड सुटलं. आधी मी चावले. त्याच्या मनगटाला असे दात रोवले, जे होते ते, की तो गुरासारखा ओरडला. मग बेळगावच्या दोन्ही भाषांत मला जेवढं येत होतं तेवढं सगळं त्याच्यावर ओतलं. उघड्या तोंडाची मी रक्तात पडलेली बघून गाणं कुणीतरी बंद केलं. आणि पोरांनी पंजे काढले. बाहेरच्यांसमोर पंजे काढणं म्हणजे आमच्यात नागडं होणं, पण काढले, एकेकानं, आणि धावले. अस्वल, दोन वाघ, कोल्हा, एक हिरवं काहीतरी होतं ते सुद्धा. ऑफिसात बसून पाठी वाकलेली पोरं ती, आयुष्यात कुणी माशी मारली नसेल. त्या तिघांची त्यांनी कणीक तिंबली. नाक फुटल्याचा आवाज मी ऐकला. एक वाघ रडत होता आणि मारत होता. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, आणि अजून मला त्याचं वाईट वाटत नाही. शेवटी खालून कांद्याचे हमाल वर आले, त्यांनी एकेकाला बगलेत धरून बाजूला केलं.

पोलीस ठाण्यात त्याच्यावर केस झाली, आमच्या पोरांवरही झाली. तो बाकावर डोक्याला फडकं बांधून बसला होता आणि साहेबांना समजावत होता की बायको मनानं आजारी आहे, ह्या लोकांनी तिला फितवलंय, मी फक्त घरी न्यायला आलो होतो. साहेबांनी मला विचारलं, ती बाई कोण, नाव काय, दिसते कशी. मी तोंडावरचा रुमाल काढून सांगितलं, नाव माहीत नाही, तोंड बघितलेलं नाही. साहेब चिडले, म्हणाले, ज्या बाईसाठी दात पाडून घेतलेत तिचं तोंड बघितलं नाही? नाही, म्हटलं. खरंच तर होतं. नाव तो दर ठोशाला घेत होता, कानावर पडलं, पण मी ते घेतलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

व्हॅन दुसऱ्या दिवशी धारवाडच्या पोरीनं परत आणून दिली. कुठे सोडलंस म्हणून मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पुढे एक दिवस दुकानात अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच जपून बोलणारा आवाज. ठीक आहे म्हणाली, नोकरी बदलली, वकील बघितलाय. माझ्या दातांचं विचारलं. मी म्हटलं, ते सोड, ससा सांग. जबडा मोडलाय, बाकी सगळा नीट आहे, आठ दिवसांत जोडून देते, वाटलं तर नवाच करते. ती म्हणाली, "ससा नको आता, अक्का. सशाला तो ओळखतो."

मी शिव्या घातल्या त्या माणसाला, फोनवरच, गिऱ्हाइकांसमोर. त्यानं गॅसवर जाळला तेव्हा मेला नव्हता तो ससा. आता मेला. शिव्या संपल्यावर मी विचारलं, बरं मग, दुसरं काय करू? खार करू, घार करू, तू म्हणशील ते.

"करून घेतलंय," ती म्हणाली. "दुसरीकडे. रागावू नका. काय घेतलंय ते तुम्हाला सांगणार नाही."

मी रागावले. फोन ठेवल्यावर त्या दिवशी एका बिचाऱ्या रिक्षावाल्याला सीट नीट नाही म्हणाला म्हणून हाकलून दिलं. मार खाल्ला मी, दात गेले माझे, आणि मलाच सांगणार नाही? रात्री जेवताना डोकं थंड झालं, आणि मग कळलं की पोरगी शहाणी आहे. पुन्हा कुणी गोड मराठीत ताई म्हटलं तर मी काय सांगेन ह्याची मलाच खात्री नाही.

ह्या वर्षीचा मेळावा झाला, जागा दुसरी होती. मी माझं मुंगूस घेऊन गेले. मी न शिवलेली बरीच डोकी होती, कुणी मुंबईहून करून आणलेली, कुणी घरी. एरवी मी अशा डोक्यांजवळ जाऊन टाके बघते, कान ओढून बघते, खोड काढते, पोरांना ते सवयीचं झालंय. ह्या वेळी नाही गेले. ती आली असेल किंवा नसेलही. नाचणारे सगळे मधोमध होते, मी भिंतीकडे तोंड करून एका वाघाचा फाटलेला पंजा शिवत बसले, आणि ते निघून जाईपर्यंत तशीच बसून राहिले.